खर्चाचा आकडा आणि त्याची हद्द

लेखांक सहावा

प्रत्येक राउटर आपल्या लगतच्या जोडण्यांचे वर्तमान साऱ्या जाळ्यास कळवितो आणि त्यायोगे प्रत्येकाच्या दप्तरी संपूर्ण मुलखाचा एकच नकाशा जमा होतो, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. परंतु नकाशा हाती आला म्हणजे वाट ठरली असे नव्हे. ती ठरविण्यासाठी प्रत्येक जोडणीवर एक आकडा मांडलेला असावा लागतो, ज्याला अभियंते कॉस्ट म्हणतात आणि आपण खर्च म्हणू. तो कोण मांडतो, त्याची बेरीज कशी होते आणि ती कोठवर वाढू दिली जाते, हा आजचा विषय.

उदाहरणादाखल चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख घेतो, आणि तो उगाच नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतनेटची जी सुधारित योजना मंजूर केली, तीत ग्रामपंचायती वलयाकार रचनेने जोडण्याचे आणि तालुका व ग्रामपंचायत या दोन्ही ठिकाणी राउटर बसविण्याचे ठरले. आणि वलय आले की दोन वाटा आल्या, दोन वाटा आल्या की निवड आली. या दोन जिल्ह्यांत, जे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते, सडकांचे असे एक वलय आयतेच आहे. चंद्रपुराहून उत्तरेची बाजू मूल, गडचिरोली, चामोर्शी अशी आष्टीस येते. दक्षिणेची बाजू बल्लारपूर, गोंडपिपरी करीत त्याच आष्टीस पोहोचते. फायबर बहुधा सडकेच्या कडेनेच टाकतात, म्हणून या सात टप्प्यांचे एक जाळे कल्पू आणि प्रत्येक टप्प्यावर १० खर्च मांडू. सडका खऱ्या आहेत, आकडे माझे.

चंद्रपूरच्या राउटरला आष्टीची वाट हवी आहे. गणिताची रीत एड्सगर डाइकस्ट्रा या डच गणितज्ञाची. १९५६ साली अॅम्स्टरडॅममध्ये एका कॉफीगृहात बसल्या बसल्या, कागद-पेन्सिलीवाचून, वीसेक मिनिटांत ती सुचल्याचे त्यांनी पुढे सांगितले, आणि १९५९ मध्ये ती छापून आली. या रीतीत ठिकाणांचे दोन वर्ग असतात: ज्यांचा आकडा कायम झाला ते, आणि ज्यांचा तूर्त तात्पुरता आहे ते. प्रत्येक फेरीस तात्पुरत्यांपैकी सर्वांत लहान आकडा कायम करायचा आणि तेथून पुढच्या शेजाऱ्यांचे आकडे सुधारायचे, एवढाच तिचा कारभार. मूल आणि बल्लारपूर १० वर कायम होतात, गडचिरोली आणि गोंडपिपरी २० वर, आणि गोंडपिपरीकडून आष्टी ३० वर. उत्तरेकडून तीच बेरीज ४० होते, म्हणून दक्षिणेची वाट ठरते. आता गोंडपिपरी-आष्टी टप्प्याचा खर्च १० चा २५ करा. आष्टीच्या नावे प्रथम ४५ हा तात्पुरता आकडा पडतो, परंतु तो कायम होण्यापूर्वीच चामोर्शी ३० वर कायम होते, तिच्याकडून ४० चा आकडा येतो, ४५ खोडला जातो आणि सारी वाहतूक उत्तरेकडे वळते. एका टप्प्यावरील एक आकडा बदलला, एवढेच घडले.

मग तो आकडा मांडतो कोण? ओएसपीएफ या प्रचलित पद्धतीत तो व्यवस्थापकाने मांडावा असे आहे. पण त्याने न मांडल्यास बहुतेक राउटर वेगावरून स्वतःच काढतात, १०० मेगाबिटांस जोडणीच्या वेगाने भागून. भागाकार एकाहून लहान आला तर एकच धरतात, त्यामुळे १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट या तिन्ही जोडण्यांचा खर्च सारखाच १ ठरतो, आणि दहापट रुंद वाटेस अरुंद वाटेहून काडीचे प्राधान्य मिळत नाही. यावर उपाय म्हणून भाज्य वाढवून १०० गिगाबिट केले, तर १० गिगाबिटास १० आणि १ गिगाबिटास १०० असा नीट भेद होतो. पण दुसऱ्या टोकास १ मेगाबिटाचा खर्च १,००,००० निघतो, आणि ओएसपीएफमध्ये एका जोडणीस १६ बिटांचीच जागा असल्याने ६५,५३५ च्या पलीकडे जाता येत नाही. वरचा भेद राखावा तर खालचा बुजतो. शिवाय वेगावरून काढलेल्या या आकड्यास वैनगंगेचा पूर ठाऊक नसतो, किंवा भामरागडला पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की गाव तुटते हेही ठाऊक नसते. माझ्या मते अशा मुलखात खर्च यंत्रावर सोपविणे ही निव्वळ कुचराई आहे.

आता हद्दीकडे वळू. आयएस-आयएस या दुसऱ्या पद्धतीच्या मूळ रचनेत एका जोडणीस जास्तीत जास्त ६३ आणि संपूर्ण वाटेस १०२३ एवढीच मुभा होती. म्हणजे ६३ खर्चाचे सोळा टप्पे १००८ मध्ये मावत, सतरावा मावत नसे. ही कंजुषी गणित हलके व्हावे म्हणून होती, कारण बेरीज १०२३ च्या आत असेल तर तेवढे कप्पे आधीच आखून प्रत्येक ठिकाण आपापल्या कप्प्यात टाकता येते आणि लहानात लहान आकडा शोधण्याचे श्रम वाचतात. यंत्रे सामर्थ्यवान झाल्यावर आलेल्या विस्तृत रचनेत जोडणीस २४ आणि वाटेस ३२ बिटे देण्यात आली. तरीही बेरीज ४,२६,१४,१२,८६४ वर पोहोचली की ती त्यापुढे न वाढविता तेवढीच धरावी असा दंडक ठेवला. ३२ बिटांची अखेर त्याच्या थोडी पुढे आहे, आणि ती ओलांडू दिली असती तर बेरीज उलटून लहान झाली असती व सर्वांत महाग वाट सर्वांत स्वस्त भासली असती.

ओएसपीएफमध्ये मोठ्या जाळ्याचे विभाग पाडतात, आणि एका विभागातून दुसऱ्यास कळवावयाच्या वाटेची हद्द १,६७,७७,२१५ आहे. बेरीज तेथवर गेली की त्या वाटेची वर्दीच दिली जात नाही. ६५,५३५ खर्चाचे २५६ टप्पे जोडले तरी हद्दीस २५५ कमी पडतात, तेव्हा ही मर्यादा व्यवहारात क्वचितच आड येते. आड येतो तो एक गैरसमज. जोडणीवर ६५,५३५ मांडले म्हणजे ती बंद झाली असे पुष्कळांना वाटते, परंतु तो आकडा मनाई नसून केवळ अनिच्छा आहे. आलापल्लीहून भामरागडास एकच वाट असेल, तर तिच्यावर १ मांडा की ६५,५३५, वाहतूक तिच्यावरूनच जाणार. आयएस-आयएसच्या विस्तृत रचनेत मात्र जोडणीवर १,६७,७७,२१५ हा कमाल आकडा मांडला की ती नेहमीच्या गणनेतून साफ वगळली जाते, मग दुसरी वाट असो वा नसो. देखभालीसाठी एखादा टप्पा मोकळा करू पाहणाऱ्याने आपले जाळे कोणत्या पद्धतीवर चालते, हे हुकूम देण्यापूर्वी पाहून घ्यावे.

गोंडपिपरी-आष्टी टप्प्यावर २५ ऐवजी २० मांडले तर दोन्ही बाजूंची बेरीज ४० होते. त्या प्रसंगी राउटर काय करतो, ते पुढील लेखांकात पाहू.