पूर ओसरतो, आठवण चढत जाते

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटलं की किती क्युसेक सोडलं, याच्या बातम्या येतात. नाशिककर मात्र विचारतात, ‘दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?’ गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला की डोक्यावरून? रामकुंडाजवळ गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हा या शहराचा पूरमापक. आपल्या आठवणींनाही असं एखादं माप असतं तर?

१९६९चा, २००८चा, २०१६चा आणि २०१९चा, या पुरांच्या गोष्टी गोदाकाठच्या घराघरांत सांगितल्या जातात. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळं जसंच्या तसं उभं असतं. पण आठवण लख्ख असली म्हणजे ती खरी असतेच, असं नाही. मेंदूच्या अभ्यासातलं हे एक थक्क करणारं सत्य आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच फुटलं. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होतात? अडीच वर्षांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळपास चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं एकही महत्त्वाचं उत्तर जुळलं नाही. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण परतली नाही. तिच्या जागी दुसरीच येऊन बसली होती, आणि तीच त्यांना खरी वाटत होती.

असं का होतं? पुराचा लोंढा दारात आलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. भीतीने शरीरात अॅड्रेनलिन उसळतं, मेंदूतला अमिग्डाला जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू बजावतो : हे विसरायचं नाही. म्हणून घटनेचा गाभा पक्का कोरला जातो. पण त्याच क्षणी लक्ष आक्रसतं. नजर कडेवरच्या लेकरावर किंवा दुकानातल्या मालावर खिळलेली असते. शेजारी कोण उभं होतं, किती वाजले होते, पाणी कुठल्या पायरीवर होतं, हे मनात नीट शिरतच नाही. त्या रिकाम्या जागा पुढे काळ भरतो. कधी वर्तमानपत्रातल्या फोटोने, कधी काकांच्या गोष्टीने, कधी दुसऱ्याच वर्षीच्या पुराने.

शिवाय आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. ती प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते. २००० साली करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की भीतीची पक्की झालेली आठवणसुद्धा जागी केली की काही काळ पुन्हा बदलण्याजोगी होते. म्हणजे जी गोष्ट आपण सर्वांत जास्त वेळा सांगतो, तिला बदलायच्या संधीही सर्वांत जास्त मिळतात!

मग भावना नेमकं काय करते? अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याच्या आठवणी जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी त्याच दिवसांतल्या साध्यासुध्या आठवणींशी ताडून पाहिल्या. आठवड्यांमागून आठवडे गेले, तसे दोन्हींमधले तपशील सारखेच विसंगत होत गेले. हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास मात्र ढळला नाही. भावनेने वाढवली ती खात्री. तपशिलांची अचूकता तिने वाढवली नाही.

म्हणून काही मेंदू सदोष ठरत नाही. जुने तुकडे जोडून चित्र उभं करण्याची हीच क्षमता आपल्याला न आलेल्या पुराचीही कल्पना करू देते, वेळेत सामान वर चढवायला लावते. आणि आजीची पुराची गोष्ट तपशिलात चुकली, तरी तिला वाटलेली भीती खरीच असते.

म्हणून घरातल्या मोठ्यांना विचारताना ‘पाणी डोक्यावरून गेलं होतं ना?’ असं उत्तर सुचवू नका. ‘तुम्हाला काय दिसलं?’ एवढंच विचारा. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, आणि मग त्या तारखेचं वर्तमानपत्र काढून पाहा. पुढचा पूर येईल, तेव्हा त्याच संध्याकाळी तारीख घालून लिहून ठेवा : स्वतः काय पाहिलं आणि दुसऱ्याकडून काय ऐकलं, दोन्ही वेगवेगळं. गोष्ट सांगायला सुरुवात करा ती त्यानंतरच.