केंद्रकी : पेशीतील रायबोसोमची कर्मशाळा

आयुर्वेदाच्या शारीरस्थानात शरीराचे अवयव परमाणुभेदाने अगणित मानले आहेत. आधुनिक पेशीविज्ञान निराळ्या मार्गाने सूक्ष्माकडे जाते. दोहोंना ओढूनताणून एक ठरविण्याचे कारण नाही. परंतु रुग्णाच्या बायॉप्सी अहवालातील ‘ठळक केंद्रकी’ या शब्दांचा अर्थ वैद्यास ठाऊक असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

केंद्रकी, म्हणजेच न्यूक्लिओलस, हा पेशीच्या केंद्रकातील गर्द, गोलसर भाग होय. तिला स्वतःचे आवरण नसते. मानवी पेशीत १३, १४, १५, २१ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांवरील विशिष्ट जनुकांभोवती ती साकारते. तेथे रायबोसोमल आरएनए तयार होतो, त्यास प्रथिने जोडली जातात आणि रायबोसोमचे लहान व मोठे घटक घडून पेशीद्रवात जातात. शरीरातील प्रथिने याच रायबोसोमवर बनतात. विभाजनकाळी केंद्रकी लोपते व नंतर पुन्हा प्रकटते.

ज्या पेशीस प्रथिनांची निकड अधिक, तिची केंद्रकी मोठी. कर्करोगाच्या पेशींत ती अनेकदा ठळक दिसते. मात्र जखम भरून येतानाही तसे घडते. केवळ या एका खुणेवरून निदान करू नये.

या विषयाचा एक धागा आपल्या दोंडाईच्याशेजारच्या नंदुरबारला पोहोचतो. तेथे १९२५ साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल यांच्यासह १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. सह्याद्रीतील नरक्या वृक्षातही हे द्रव्य असल्याचे १९७२ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखविले. डीएनएचा पीळ सोडविणारे टोपोआयसोमरेज-१ हे विकर केंद्रकीत विपुल असते. कॅम्प्टोथेसिन त्यास डीएनएवरच जखडून ठेवते. परिणामी आरएनएची निर्मिती खुंटते आणि विभाजनाच्या तयारीतील पेशीचा डीएनए तुटतो. यापासूनच टोपोटेकन व आयरिनोटेकन ही औषधे सिद्ध झाली. अमेरिकेत त्यांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

येथे सावधगिरी हवी. मूळ द्रव्याच्या १९७० च्या दशकातील चाचण्यांत तीव्र मूत्राशयदाह व रक्तपेशींचा ऱ्हास आढळला. मज्जा व आतडे यांतील निरोगी पेशीही वेगाने विभाजित होतात, त्यांनाही हा आघात सोसावा लागतो. म्हणून नरक्याचे चूर्ण वा काढा कर्करोगावर देणे सर्वथा अनुचित होय. शिवाय अनिर्बंध तोडीमुळे हा वृक्ष सह्याद्रीत दुर्मीळ होत चालला आहे. संशयित रुग्णास वेळीच कर्करोगतज्ज्ञाकडे पाठविणे हाच आपला वैद्यधर्म, असे आम्हांस वाटते.