लेबलवर चार, नजरेला सहा

पहाटे ४.४०

नोव्हेंबरातला रविवार. न्यू जर्सीत या वेळी बाहेर मिट्ट काळोख. चहाचं आधण ठेवते आणि लॅपटॉप उघडते. ईबेवरचे मुरलेले विक्रेते आपला लिलाव रविवारी रात्री संपेल अशा बेताने खेळाडूंची कार्डं लावतात, कारण तेव्हा न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत सगळे जागे असतात. नवखे मात्र वेळ मिळेल तेव्हा लावतात. ज्या मिनिटाला लावलं, त्याच मिनिटाला ठरलेल्या दिवसांनंतर लिलाव संपतो. कॅलिफोर्नियात कुणी मध्यरात्र उलटल्यावर वडिलांच्या कपाटातली कार्डं लावली असतील, तर ती आमच्याकडे पहाटे संपतात. आपोआप बोली लावणारी सॉफ्टवेअरं आली आहेत, तरी या वेळेला गर्दी कमीच असते.

आज एकच डाव होता. १९७१ सालचं टॉप्स कंपनीचं बेसबॉलपटू थर्मन मन्सनचं कार्ड, पीएसए या ग्रेडिंग कंपनीचा ग्रेड ६. विक्रेत्याने आडनावाचं स्पेलिंग चुकवलं होतं, त्यामुळे नाव टाकून शोधणाऱ्यांना ते दिसतच नव्हतं. चुकीच्या स्पेलिंगांची एक यादी मी करून ठेवली आहे आणि रोज ती शोधून बघते. त्या वर्षीच्या टॉप्सला काळी किनार आहे. कोपरा जरा घासला की आतला पांढरा कागद लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून त्या संचात सहाचा ग्रेडसुद्धा मानाचा. कार्ड मिळालं, आणि शेवटच्या विक्रीपेक्षा बरंच कमी पैशांत.

६.१५

पोह्यांची बशी हाताशी घेऊन भाव बघणं. या धंद्यात याला ‘कॉम्प्स काढणं’ म्हणतात. हेच कार्ड, याच ग्रेडमध्ये, अलीकडे कितीला गेलं ते पाहायचं. मागितलेली किंमत मी बघतच नाही. मागायला काय, कुणीही काहीही मागतं. बघायच्या त्या फक्त झालेल्या विक्री. त्यातही घासाघीस करून ठरलेल्या सौद्यात ईबे मूळ किंमत खोडून दाखवतं आणि खरा आकडा लपवतं. तो १३०पॉइंटसारख्या साइटवर सापडतो. या एका गोष्टीने कितीतरी वेळा कार्डाची खरी पातळी कळते.

मग पीएसएचा पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे आजवर कुठल्या कार्डाला कुठला ग्रेड किती वेळा मिळाला याचा जाहीर हिशेब. भाव आणि पॉप शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय स्वस्त-महाग कळत नाही. मायकल जॉर्डनचं १९८६ चं फ्लीअर कार्ड घ्या. जानेवारी २०२१ मध्ये पीएसए १० ची दोन कार्डं प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेली, आणि पुढे तोच ग्रेड दोन लाखांच्या आसपास उतरला. त्या ग्रेडची शेकडो कार्डं आधीपासून होती आणि तो आकडा सगळ्यांना दिसत होता. करोनाच्या काळात घरात बसलेल्या पैशाने वर नेलेला भाव होता तो. त्याच लाटेत पीएसएकडे इतकी कार्डं येऊन पडली, की मार्च २०२१ मध्ये त्यांना बहुतेक सेवा थांबवाव्या लागल्या.

बेसबॉलचा हंगाम संपला आहे, लोकांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे आहे. म्हणून बेसबॉलची खरेदी आत्ता करायची. फुटबॉलची फेब्रुवारीत, सुपर बोल झाल्यावर.

९.००

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये कार्ड शो. लांब टेबलं, काचेच्या पेट्या, कॉफीचा वास, आणि बहुतेक विक्रेते साठीच्या पुढचे. मी हातात भिंग (लूप) आणि खिशात छोटी टॉर्च घेऊन फिरते. दिवसभरात मला सगळ्यात जास्त आवडणारे हेच तास. ज्यासाठी मी हा धंदा करते ते इथेच घडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ग्रेडिंग कंपनी कार्ड तपासते, प्लॅस्टिकच्या कडक डबीत कायमचं बंद करते आणि वर लेबलवर १ ते १० मधला आकडा छापते. या बंद डबीला स्लॅब म्हणतात. तपासतात ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग, म्हणजे चित्राभोवतीची कोरी किनार चारही बाजूंना किती सारखी आहे ते. सगळ्यांच्या नजरेतून निसटतं ते असं, की हा आकडा म्हणजे गुणांची सरासरी नव्हे. जो दोष सगळ्यात मोठा, तिथेच आकडा अडकतो. एखादं कार्ड समोरून देखणं असेल, रंग ताजे असतील, किनार सरळ असेल, आणि मागच्या बाजूला एक बारीक सुरकुती असेल, तर त्याला मिळतो चार. दुसऱ्याचे चारही कोपरे बोथट, छपाई एका बाजूला सरकलेली, रंग उडालेला, त्यालाही चारच. बाजार दोघांना एका भावात तोलतो, कारण भाव लेबलवर चालतो. पीएसएच्या सेट रजिस्ट्रीत संग्राहक एकमेकांशी स्पर्धा करतात तीही ग्रेडच्या आकड्यांवर, त्यामुळे या सवयीला आणखी बळ येतं. पण कार्ड घरी नेणारा माणूस रोज बघणार असतो ती समोरची बाजू. आकडा आणि नजर यांच्यामधली ही फट, हीच माझी जागा.

आज तिसऱ्या रांगेतल्या एका टेबलावर रोबेर्तो क्लेमेंटेची दोन रुकी (पहिल्या हंगामातली) कार्डं शेजारी शेजारी होती. १९५५ सालचं टॉप्स, क्रमांक १६४, दोन्ही पीएसए ४, दोन्हींवर एकच किंमत.

‘‘यांच्यात फरक काही नाही का?’’ मी विचारलं.

‘‘दोन्ही चारच आहेत,’’ आजोबा म्हणाले. ‘‘तुम्हाला आवडेल ते घ्या.’’

एक डावीकडे इतकं सरकलेलं, की उजवीकडची किनार दुप्पट दिसत होती. दुसरं मात्र समोरून सहज सहा वाटावं असं. उलटं करून टॉर्चचा प्रकाश आडवा टाकला तेव्हा मजकुराच्या वर एक पुसट रेघ दिसली. कागद तुटलेला नव्हता. तेवढ्यावरच त्याचा ग्रेड खाली आला होता.

घाई मात्र केली नाही. लेबलवरचा क्रमांक फोनवर पीएसएच्या साइटवर टाकून तोच खेळाडू, तेच वर्ष, तोच ग्रेड येतो का ते पाहिलं. डबीची कड बोटाने फिरवून पाहिली. उघडून पुन्हा चिकटवलेल्या डबीच्या कडेला धुरकट डाग राहतात. मग मापं. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची कार्डं मोठी होती, साधारण २.६३ बाय ३.७५ इंच, आजचं २.५ बाय ३.५ इंचाचं माप आलं ते १९५७ पासून. डबीत कार्डाभोवती नको तिथे जागा दिसली, तर कड कापल्याचा संशय घ्यायचा. लेबलवर कुठल्या कंपनीचं नाव आहे म्हणून हा संशय सोडायचा नाही. पीएसएने आपल्या सुरुवातीच्या काळात ८ चा ग्रेड दिलेलं होनस वॅग्नरचं टी२०६ कार्ड, जे १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने एका भागीदारासोबत ४,५१,००० डॉलरला घेतलं, त्याच्या कडा आपण कापल्याची कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये दिली.

क्लेमेंटेचं कार्ड मी केवळ हिशेबाने घेत नाही, हेही खरं. पोर्तो रिकोचा हा बेसबॉलपटू ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळून गेला. त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट्स राहिले. पुढच्याच वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. अशा खेळाडूला मागणी एका हंगामाच्या कामगिरीवर अवलंबून नसते. त्याची गोष्ट आजोबा नातवाला सांगतात आणि नातू मोठा होऊन कार्ड शोधतो.

रोख देऊन कॉम्प्सच्या थोडं खाली सौदा झाला.

१२.३०

गाडीत बसल्यावर मुलाच्या मित्राचा फोन. सतरा वर्षांचा पोरगा, बास्केटबॉलचा वेडा.

‘‘काकू, एका नव्या रुकीचं पीएसए १० कार्ड स्वस्त मिळतंय. घेऊ का?’’

‘‘पॉप बघितलास का?’’

‘‘नाही.’’

‘‘बघ आधी. आणि पुढच्या महिन्यात किती होईल त्याचाही विचार कर.’’

नव्या कार्डांचं दुखणं हेच. पाकिटातून निघालेलं कार्ड लोक थेट ग्रेडिंगला पाठवतात, त्यामुळे दहाचे ग्रेड हजारोंनी निघतात आणि पुरवठा वाढतच राहतो. जुन्या कार्डांचा पुरवठा आयांनी, पुरांनी आणि कचराकुंड्यांनी कधीच ठरवून टाकला आहे. १९५२ च्या टॉप्सच्या न खपलेल्या पेट्या तर १९६० मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी पडावावर चढवून आमच्याच किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात बुडवल्या. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला घेतलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते १ कोटी २६ लाखांना गेलं. पोराला मी सांगितलं, आवडत्या खेळाडूचं एक कार्ड घे, आनंदाने ठेव. गुंतवणूक म्हणून दहा घेऊ नकोस.

३.००

विकलेली कार्डं बांधणं. स्लॅबला पिशवी, दोन पुठ्ठे, बबल रॅप, खोका. मग वहीत नोंद. इथे भावनेला जागा नाही: १,००० डॉलरला घेतलेलं कार्ड १,१५० ला विकलं, तर ईबेचं तेरा टक्क्यांच्या आसपासचं कमिशन जाऊन हातात मुद्दलच उरतं, आणि टपालखर्च वेगळा. म्हणून पंधरा-वीस टक्क्यांनी स्वस्त मिळालेलं कार्ड माझ्या लेखी स्वस्तच नव्हे. शिवाय गुंतवणूक म्हणून वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या कार्डाच्या नफ्यावर अमेरिकन सरकार २८ टक्क्यांपर्यंत कर घेऊ शकतं. शेअरपेक्षा हा दर चढा आहे. कार्डांना शेअर म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा.

८.४५

रात्रीचे लिलाव. आज माझं लक्ष बिल रसेलच्या १९५७ च्या टॉप्स कार्डावर आहे, क्रमांक ७७, पीएसए ५. बोस्टन सेल्टिक्सकडून तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदं मिळवलेला माणूस. २०२२ मध्ये तो गेल्यावर एनबीएने त्याचा ६ क्रमांक सगळ्याच संघांसाठी निवृत्त केला. एवढ्या मोठ्या खेळाडूची खेळत असतानाची कार्डं मात्र अगदी मोजकी, कारण बास्केटबॉलची कार्डं तेव्हा खपत नव्हती. या संचानंतर टॉप्सने १९६९ पर्यंत मोठा संच काढलाच नाही. त्याच काळातल्या बेसबॉलच्या दिग्गजांशी तुलना केली, तर रसेलला अजून त्याच्या योग्यतेचा भाव मिळालेला नाही, असं माझं ठाम मत आहे. हे कार्ड सहसा वाकडं कापलेलं आणि छपाईच्या पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं मिळतं. आजचं जवळजवळ मधोमध आहे, ठिपके थोडेच.

माझी मर्यादा सकाळीच वहीत लिहिली होती. शेवटच्या दहा सेकंदांत तेवढी बोली टाकली. दुसऱ्या कुणीतरी त्याच्यावर उडी घेतली आणि घड्याळ संपलं. त्या माणसालाही तीच सरळ किनार दिसली असणार. पाचच्या कार्डाला त्याने जवळपास सहाचा भाव दिला.

९.३०

रसेलचं दुसरं कार्ड १९६१ च्या फ्लीअर संचात आहे, क्रमांक ३८. आज विक्रीला असलेली सगळी उघडून पुढच्या-मागच्या फोटोंवर नजर टाकली. एका एसजीसी ५ ची किनार सरळ आहे, आणि त्याची किंमत त्याच ग्रेडच्या पीएसएपेक्षा कमी मागितली आहे, फक्त डबी वेगळ्या कंपनीची म्हणून. विक्रेत्याला मागच्या बाजूचा आडव्या प्रकाशातला फोटो मागितला आहे. तो ठीक आला, तर उद्या सकाळी ऑफर पाठवायची. क्लेमेंटे मार्चपर्यंत विकायला काढायचा नाही.