आधी आडवी रेघ की उभी?

धरमतर खाडीकाठच्या जमिनींचे जुने कागद पेण-रोह्याकडच्या घरांतून अजूनही निघतात. हा मुलूख कुलाबा जिल्हा होता तेव्हाचे ते कागद, आणि त्यांतले बरेचसे मोडीत. ते वाचायला बसले की लवकरच कळते, नुसता आकार ओळखून भागत नाही. बोरू कुठून निघाला, कुठे वळला, न उचलता पुढच्या अक्षरात कसा शिरला, हे दिसू लागले म्हणजे ओळ उलगडते. चिनी अक्षरांतल्या रेघांच्या क्रमाबद्दल मराठी माणसाशी बोलायचे तर मोडीपासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

पहिला गैरसमज असा, की रेघांचा क्रम हा मास्तरांचा शिस्तीचा हट्ट आहे. अक्षर शेवटी तेच दिसते ना! सावकाश, सुटे सुटे लिहिले तर दिसते तेच. पण रोज कोणी तसे लिहीत नाही. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ उभीला छेदत असेल तर आडवी आधी, चौकट असेल तर आतला भाग लिहून झाल्यावर तळ बंद: हे चिनी लिखाणाचे ढोबळ नियम. हात वेगाने चालू लागला की सलग आलेल्या दोन रेघा एकमेकींना जोडल्या जातात. कुठली कुठलीला जोडली जाणार हे क्रमच ठरवतो. म्हणून ज्याला क्रम ठाऊक नाही त्याला छापील मजकूर वाचता येतो आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी मात्र अडते. १९५६ साली चीनने अक्षरे सोपी करण्याची योजना जाहीर केली, तिच्यातली कित्येक रूपे याच शीघ्रलेखनातून उचललेली आहेत. ‘पुस्तक’ या अर्थाच्या अक्षरात पूर्वी १० रेघा होत्या, आता ४ आहेत. जुन्या आणि नव्या रूपांतला दुवा आकारात शोधून सापडत नाही; हाताच्या चालीत सापडतो.

मोडीत हेच घडले आहे. बाळबोधात आपण अक्षर काढून मग शिरोरेघ देतो. मोडीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि अक्षरे तिच्याखाली लिहीत जायची. काना वरून खाली न येता खालून वर जातो. बाळबोधाचीच सवय घेऊन मोडी लिहायला बसलेल्याचा हात म्हणूनच अडखळतो, आणि जे हाताला कळलेले नसते ते डोळ्यालाही उशिरा कळते.

हजारो अक्षरांचे हजारो क्रम पाठ करावे लागतात, ही दुसरी भीती. तसे नाही. चीनच्या १९८८ च्या यादीत नेहमीची अक्षरे २५०० आणि त्याखालोखालची १००० आहेत, पण ती सगळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या थोड्या भागांची बनलेली आहेत. रेघांचे मूळ गट तर पाचच: आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, ठिपका आणि वळणारी. मोबाईलवर या पाच खुणांनी चिनी लिहिण्याची सोय आहे. रेघा क्रमाने दाबत गेले की अक्षर पुढे येते आणि क्रम चुकला की बहुधा येत नाही. वळणारी रेघ नवशिक्याला हमखास फसवते. ‘तोंड’ या अर्थाचे अक्षर साधा चौकोन आहे, म्हणून तो चार रेघा मोजतो. त्या तीनच: डावी उभी, मग वरची आणि उजवी मिळून एक, शेवटी तळाची. १७१६ च्या कांगशी कोशापासून चिनी अक्षरे २१४ गटांत आणि गटाच्या आत रेघांच्या संख्येने लावण्याची रीत रूढ झाली. मोजणी चुकली की छापील कोशात शब्द भलत्याच पानावर शोधला जातो.

बरोबर क्रम जगभर एकच असतो, हा समज मात्र अभ्यासू लोकांतही आढळतो. चीन, तैवान आणि जपान यांचे क्रम काही अक्षरांत वेगळे आहेत. ‘डावा’ आणि ‘उजवा’ ही दोन्ही अक्षरे चीनमध्ये आडव्या रेघेने सुरू होतात. जपानमध्ये ‘डावा’ आडव्या रेघेने, तर ‘उजवा’ तिरक्या रेघेने. पुण्यात जपानी शिकलेल्याने पुढे चिनी धरली की हा फरक त्याला भेटतोच. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली शाळांसाठी ८८१ अक्षरांची क्रमपुस्तिका काढली, तेव्हा तिच्यातच नमूद केले होते की इथे न दिलेले क्रम चुकीचे ठरत नाहीत. चीनने १९९७ साली ७००० अक्षरांचे क्रम ठरवून दिले. नवशिक्याने यांपैकी एक पद्धत धरावी आणि तिच्यातच हात बसवावा; दोन्हींची सरमिसळ सुरुवातीला करू नये.

राहिला शेवटचा प्रश्न: सगळे टाइप करतात, मग हाताने लिहायचे कशाला? चीनमध्येही बहुतेक लोक उच्चार टाइप करून अक्षर निवडतात, आणि रोजची अक्षरे हाताने लिहिताना विसरतात. नुसते बोलायला शिकायचे असेल तर लेखन खुशाल मागे ठेवावे. पण वाचायचे असेल तर पहिली शंभर-दोनशे अक्षरे तरी चौकटीच्या वहीत, क्रमाने, हातानेच गिरवावीत. त्यांतलेच भाग पुढच्या अक्षरांत पुन्हा येतात, आणि चुकीच्या क्रमाने बसलेला हात नंतर सुधारणे फार जड जाते.