रेषांची वंशावळ (९) : क्रम्बच्या खोक्यातले गवई

मागच्या भागात आपण अमेरिकी वृत्तपत्रांच्या रविवारच्या रंगीत पानांविषयी वाचलं. त्याच काळात तिथे आणखी दोन स्वस्त गोष्टी घरोघरी शिरल्या होत्या : सिगारेटच्या पाकिटासोबत मिळणारी छोटी चित्रकार्डं आणि लाखेच्या काळ्या तबकड्या. आपल्याकडे मुलं काडेपेटीवरची चित्रं जमवत, तशी तिकडे ही कार्डं जमवली जात. या दोहोंची गाठ पुढे रॉबर्ट क्रम्बने घालून दिली.

क्रम्ब १९४३ साली फिलाडेल्फियात जन्मला. क्लीव्हलंडमध्ये शुभेच्छापत्रं काढण्याची नोकरी करून तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे १९६८ साली त्याचं ‘झॅप कॉमिक्स’ निघालं. जॅनिस जॉप्लिन गात असे त्या बँडच्या ‘चीप थ्रिल्स’चं मुखपृष्ठही त्याचंच. हिप्पींनी त्याला आपला मानलं, पण त्यांच्या संगीताशी त्याचं कधी जमलं नाही. तो १९२०-३०च्या दशकांतल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या धुंडाळत फिरायचा, चित्रांच्या मोबदल्यातही त्याच मागायचा. त्याचं गाजलेलं ‘कीप ऑन ट्रकिन’ हे चित्र ब्लाइंड बॉय फुलरच्या १९३६च्या गाण्यावरून आलेलं आहे.

या छंदातूनच तीन संच तयार झाले. याझू रेकॉर्ड्स या कंपनीसाठी त्याने १९८० साली ब्लूज गायकांची ३६ कार्डं काढली, १९८२ साली जॅझ वादकांची ३६ आणि १९८५ साली ग्रामीण ‘कंट्री’ संगीताच्या आद्य कलावंतांची ४०. पुढे चित्र, मागे चार ओळींचा परिचय, आणि सगळी कार्डं एका छोट्या खोक्यात.

हे कलावंत विस्मरणात का गेले, हे समजायला तबकड्यांचा धंदा पाहावा लागतो. १९२० साली मेमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ धडाक्यात खपलं आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही तबकड्या विकत घेतं, हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. पॅरामाउंट ही तबकड्यांची कंपनी तर विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याने काढलेली होती. ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, स्किप जेम्स यांचे आवाज या फर्निचरवाल्यांच्या व्यापारामुळे टिकले. १९२७ साली राल्फ पीरने ब्रिस्टल गावात मुक्काम ठोकून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांना प्रथम मुद्रित केलं. दोनच वर्षांनी मंदी आली आणि हा बाजार कोसळला. पुढे महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला. ही लाख मुख्यतः भारतातून जात असे, छोटानागपूरचं जंगल तिचं मोठं आगर. १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक निर्बंध आले आणि जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या. त्यात किती दुर्मीळ आवाज गेले, याची मोजदाद कोण करणार?

आवाज थोडे उरले, चेहरे त्याहून थोडे. पॅटनचं एकच छायाचित्र उपलब्ध आहे. जेफरसनचंही एकच, आणि त्यातला टायसुद्धा नंतर रंगवलेला. अशा धूसर फोटोंवरून क्रम्बने माणसं उभी केली. बारीक रेषांच्या जाळीतून कपाळावरच्या आठ्या, कोटाच्या चुण्या, गिटारवरची बोटं दिसू लागली.

इथे एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. त्या काळच्या लोकप्रिय चित्रकलेत कृष्णवर्णीय माणूस बहुधा जाड ओठांचं, बटबटीत डोळ्यांचं सोंग म्हणूनच येई. गाण्यांच्या पुस्तिकांची मुखपृष्ठं तशीच, आणि ब्लूजच्या तबकड्यांच्या जाहिरातींतही तीच विटंबना. क्रम्बने साठच्या दशकात हा साचा स्वतःच्या कॉमिक्समध्ये वापरला. तो उपहास होता असं त्याचे पाठीराखे म्हणतात. पण चित्रातला अपमान त्याने पुसला जात नाही, आणि त्याच्यावर झालेली टीका रास्त आहे. कार्डांमध्ये मात्र त्याने तो साचा पूर्ण बाजूला ठेवला. एकाही गायकाची टिंगल नाही, कुणाला देवत्वही नाही. नीटनेटके कपडे घालून फोटोग्राफरसमोर बसलेली कष्टकरी माणसं तेवढी दिसतात.

म्हणून या कार्डांना नुसता गतकाळाचा उमाळा म्हणणं मला पटत नाही. कार्डांवर पूर्वी बेसबॉलपटू आणि नट्या झळकत. ज्यांना त्या रांगेत कुणी बसवलं नसतं, त्यांना क्रम्बने त्याच आकारात, त्याच बाजारू थाटात मानाची जागा दिली. दालनात टांगलेल्या मोठ्या तैलचित्राने हे साधलं नसतं. संगीत बाजारातलं होतं, त्याचा सन्मानही बाजाराच्याच भाषेत झाला.

२००६ साली हे तिन्ही संच एका पुस्तकात एकत्र आले, सोबत गाण्यांची सीडीही होती. वाचकांनी पुस्तक उघडण्याआधी पॅटनचं ‘पोनी ब्लूज’ एकदा ऐकावं आणि मग त्याचा चेहरा पाहावा.

पुढील भागात : मॉरिस सेंडाक यांचं १९७०चं ‘इन द नाइट किचन’ आणि त्यामागचा विन्सर मॅके यांचा ‘लिटल नेमो’.