भोवळ आणि कान

शरीराचा तोल बिघडण्याच्या निरनिराळ्या प्रकारांना आपल्या भाषेत निरनिराळे शब्द आहेत. बसल्या जागी भिंती व छप्पर गरगर फिरू लागले, तर ती भोवळ. उपाशीपोटी एकाएकी उठल्यावर डोळ्यांपुढे काळोख पसरला, तर ती अंधारी. शुद्ध हरपून मनुष्य खाली कोसळला, तर त्यास झीट आली असे आपण म्हणतो. डोके ठिकाणावर असून पाऊल मात्र सरळ पडत नाही, तेव्हा तोल जातो. बोलण्यात ह्या शब्दांची सरमिसळ होते हे खरे; तथापि दवाखान्याची पायरी चढताच आपण हे सारे धन बाहेर ठेवतो आणि डॉक्टरांस एवढेच सांगतो की, "चक्कर येते." मग पित्त, अशक्तपणा, रक्तदाब असे तर्क चालतात, सलाईनची बाटली लावली जाते, आणि कानाकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

कानाचा आणि भोवळीचा संबंध काय, असे विद्यार्थी विचारतील. कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय नव्हे. कानशिलाच्या हाडात खोलवर जो अंतःकर्ण आहे, त्यात ऐकण्याच्या शंखाकृती भागाशेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या असतात. नलिकांत पाण्यासारखा द्रव असतो. एका लोट्यात पाणी घेऊन वर हळदीची चिमूट टाका आणि लोटा जागच्या जागी फिरवा. लोटा फिरतो, पण हळद प्रथम जागीच राहते. काही वेळ फिरवून लोटा एकदम थांबवा. आता लोटा स्थिर आणि हळद फिरते आहे. फुगडी घालून थांबलेल्या मुलीच्या कानात हेच घडते. तिचे पाय थांबतात, नलिकांतील द्रव थांबत नाही, म्हणून अंगण फिरते.

दुसरा प्रयोग ह्याच अंकावर करता येईल. अंक हातात धरून डावीउजवीकडे भरभर हलवा. अक्षरे पुसट होतील. आता अंक स्थिर ठेवून तितक्याच वेगाने मान हलवा; अक्षरे वाचता येतील. मान जितकी एका बाजूस वळते तितकेच डोळे उलट बाजूस वळावेत, असा हुकूम कान क्षणार्धात पोहोचवितो. म्हणूनच कानाचा बिघाड डॉक्टर डोळ्यांत पाहतात. आतील यंत्र बिघडले की डोळे आपोआप एका बाजूस सरकतात व झटक्याने परत येतात.

हे ज्ञान फार जुने नाही. भोवळ म्हणजे मेंदूत रक्त दाटणे, अशी समजूत युरोपात होती, आणि त्यावर रक्त काढण्याचे उपाय चालत. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतील वैद्य प्रॉस्पर मेनिएर ह्यांनी सन १८६१ मध्ये दाखवून दिले की, तिचे मूळ अंतःकर्णातही असू शकते. पुढे व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी ह्यांच्या ध्यानात आले की, कान धुताना पाणी फार थंड वा फार ऊन असले तर रोग्यास भोवळ येते व डोळे उडू लागतात. आणि पाणी थंडाचे ऊन केले की डोळ्यांची दिशाही उलटते. ह्या साध्या निरीक्षणातून त्यांनी कानाची परीक्षा बसविली. त्यांस सन १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आता सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराकडे वळू. वर सांगितलेल्या पिशव्यांत चुन्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. वयोमानाने किंवा डोक्यास मार लागून त्यांतील काही सुटतात व नलिकेत शिरतात. मग अंथरुणात कूस बदलली, फडताळातील डबा काढण्यास मान वर केली, की क्षणभर सारे घर फिरते. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंनी ह्या भयाने चार महिने उशांना टेकून, बसूनच रात्री काढल्या. विहिरीवर जाणे सुटले, पुढे अंगणात येणेही सुटले. घरच्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिले होते. त्यांस तीनदा सलाईन लावले गेले. कूस बदलताना काय होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

ह्याची परीक्षा सन १९५२ मध्ये डिक्स व हॉलपाइक ह्यांनी वर्णिली. रोग्यास तक्त्यावर बसवून मान एका बाजूस अर्ध्या काटकोनात वळवितात आणि झटकन असे निजवितात की डोके कडेखाली किंचित लोंबावे. काही क्षणांत भोवळ येते, डोळे उडतात, आणि बहुधा मिनिटाच्या आत सारे शांत होते. परीक्षा भीतिदायक वाटते खरी, पण डॉक्टरांचे हात डोक्याखाली असतात. दोष सापडला की डोके क्रमाक्रमाने फिरवून स्फटिक पुन्हा पिशवीत उतरवितात. ही युक्ती अमेरिकेतील डॉक्टर जॉन एप्ली ह्यांची. शस्त्र नाही, सुई नाही. पुष्कळांस एकदोन खेपांतच गुण येतो. त्या बाई दुसऱ्या खेपेनंतर आडव्या निजल्या.

सर्वच भोवळ अशी नसते. ती तासन्‌तास टिकून सोबत कानात गुणगुण व बहिरेपणा असेल, तर मेनिएर ह्यांच्या नावाचा रोग असू शकतो. तीव्र भोवळ दिवसेंदिवस राहिली, पण ऐकू नीट येत असेल, तर तोलाच्या मज्जातंतूस सूज असण्याचा संभव असतो. ह्यासाठी ऐकण्याची परीक्षा, थंड व ऊन पाण्याची परीक्षा, डोळे मिटून जागीच पावले टाकण्याची परीक्षा अशा अनेक आहेत. निजून व उभे राहून रक्तदाबही मोजतात. कारण कित्येकदा दोष कानाचा नसून रक्तदाबाच्या गोळीचा निघतो.

पालकांस दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. मुलाचा कान वाहतो आणि त्यास भोवळही येते, तर एक दिवसही दवडू नये. पू आतील हाड पोखरीत असेल. अशा कानात लसणीचे कोमट तेल मुळीच घालू नये. दुसरे, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन ह्यांसारख्या औषधांनी अंतःकर्णाच्या पेशी मरू शकतात. अशी इंजेक्शने झाली असतील तर आठवणीने सांगावे. चक्करेची गोळी महिनोन्‌महिने घेणेही इष्ट नाही. कान दुबळा झाला असता मेंदू स्वतः तोल सावरण्यास शिकतो, आणि गोळीची गुंगी त्याचे शिक्षण लांबविते.

भोवळीबरोबर जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला किंवा उभेच राहता येईना, तर कानाचा विचार बाजूस ठेवून तत्काळ १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. तो मेंदूचा झटका असू शकतो.

एरवी घाई नाही. नगरचे जिल्हा रुग्णालय किंवा लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावे. जाण्यापूर्वी शाळेत शिकणाऱ्या मुलाने वहीच्या पानावर आजीची हकिकत लिहून द्यावी: भोवळ किती वेळ टिकते, क्षणभर, काही तास की दिवसभर, कोणत्या हालचालीने येते, कोणत्या कानाने कमी ऐकू येते, कोणती औषधे चालू आहेत. भोवळ आली असता मोबाईलवर तिच्या डोळ्यांचे चित्रण केले, तर डॉक्टरांस फारच उपयोग होतो. मानेच्या मणक्यांचे दुखणे असल्यास ते परीक्षेपूर्वीच सांगावे. तेथे जाताना रोग्याने स्वतः मोटारसायकल चालवू नये, आणि परतताना बरोबर कोणी तरी असावे. कारण स्फटिक जागी बसले तरी एकदोन दिवस पाऊल किंचित डळमळते.