कवळीचे टिचबटण सैल झाले तर

गुरुजी गेली बारा वर्षे माझ्याकडे येतात. वय एकाहत्तर, मधुमेह जुना, गोळ्या नियमित. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले आणि काकूंनी घाईघाईने रिक्षात घालून दवाखान्यात आणले. रक्तातील साखर ५४ होती. ग्लुकोज दिले, थोड्या वेळात गुरुजी बोलू लागले. ‘गोळी घेता तर वेळेवर जेवत जा,’ असे बजावून मी त्यांना घरी पाठवले. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार. या खेपेस वजन केले तर चार किलो उतरलेले. माझ्या मनात नाही नाही ते आजार येऊ लागले, तपासण्यांची यादीही लिहून झाली. तेवढ्यात काकू म्हणाल्या, ‘‘अहो डॉक्टर, हे हल्ली भाकरीला हातच लावत नाहीत. दोन घास भात खातात आणि उठतात. कवळी वर येते म्हणे.’’

साखर उतरवणारी गोळी पोटात आणि जेवण मात्र ताटात! दोनदा तपासूनही मी गुरुजींना ‘आ करा’ म्हटले नव्हते.

गुरुजींची खालची कवळी साधी नव्हती. सहा वर्षांपूर्वी मुलाकडे शहरात राहायला गेले असताना त्यांनी ती इम्प्लांटवर बसवून घेतली होती. खालच्या जबड्यावर साधी कवळी टिकवणे अवघड असते. वर टाळूचा आधार मिळतो. खाली हिरडीची अरुंद कड आणि त्यात सतत हलणारी जीभ. म्हणून जबड्याच्या पुढच्या भागात टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवतात. या धातूभोवती हाड घट्ट धरते. हे तत्त्व वापरून स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. स्क्रूचे डोके हिरडीच्या वर येते आणि कवळीच्या आतील बाजूस त्याचा जोडीदार असतो. बायकांच्या ब्लाउजला टिचबटण असते ना, अगदी तसेच. कवळी दाबली की ‘टक्’ आवाज होऊन बसते.

आता मुख्य मुद्दा. टायटॅनियमचा स्क्रू नीट निगा राखली तर वर्षानुवर्षे टिकतो, पण टिचबटणातील मऊ भाग टिकत नाही. तो नायलॉनची टोपी असतो किंवा रबराची रिंग, आणि तो झिजण्यासाठीच केलेला असतो. त्याने झिजावे म्हणजे वरचा धातू आणि खालचे हाड सुरक्षित राहते. नळाचा वायसर आपण बदलतो, कुकरची रिंग बदलतो, तेव्हा कुकर बिघडला असे म्हणत नाही. इथे मात्र कवळी सैल झाली की रुग्णाला वाटते, ‘एवढा खर्च केला तो वाया गेला.’ मग संकोचाने तो कोणालाच सांगत नाही. गुरुजींचे हेच झाले होते. मुलाने पैसे भरले होते, त्याला कसे सांगायचे?

ही टोपी किती दिवस टिकते? माणसागणिक फरक पडतो. कोणाला सहा महिन्यांत बदलावी लागते, कोणाची दीड-दोन वर्षे जाते. दिवसातून किती वेळा कवळी काढघाल करता, रात्री दात खाता का, स्क्रूच्या डोक्यावर कीट साचू देता का, यावर ते अवलंबून. दोन्ही इम्प्लांट एकमेकांना समांतर नसतील तरी झीज लवकर होते. बसताना ‘टक्’ आवाज येईनासा होणे, बोलताना कवळी उचलणे, एका बाजूने चावले की दुसरी बाजू वर येणे, खाली अन्न अडकून हिरडीला फोड येणे, ही झिजेची लक्षणे. वेदना होईलच असे नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती जाणीव देणारा जो पडदा असतो तो इम्प्लांटला नसतो, त्यामुळे दुखण्याची वाट पाहत बसू नये.

बदलण्याचे काम सोपे आहे. दंतवैद्य खास हत्याराने जुनी टोपी उपसून काढतात आणि नवी दाबून बसवतात. काही मिनिटांचे काम, टोचणे नाही, कापणे नाही. टोप्या वेगवेगळ्या पकडीच्या मिळतात. लोकेटर नावाच्या प्रचलित प्रकारात निळी सैल, गुलाबी मध्यम आणि पारदर्शक घट्ट. हाताला संधिवात असलेल्या आजींना घट्ट टोपी दिली तर त्यांना रात्री कवळी निघणारच नाही, तेव्हा आपली अडचण मोकळेपणाने सांगावी. मात्र नवी टोपी दोन-तीन महिन्यांतच सैल होत असेल तर दोष टोपीचा नसतो. दाढांखालची हिरडी खाली गेल्याने कवळी डोलत असते, तिला आतून नवा थर द्यावा लागतो. किंवा स्क्रूवरचे डोकेच झिजलेले असते, तेही बदलता येते. अशी डोलणारी कवळी महिनोन्‌महिने वापरली तर कधी ती मधोमध मोडते.

परवा एका आजींनी टोपी बदलायची म्हणून चार दिवस आधीपासून ॲस्पिरिन बंद केली. हृदयात स्टेंट बसवलेल्या बाई! या कामात रक्त येत नाही, त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी थांबवण्याचे कारण नाही. स्वतःच्या मनाने तर कधीच थांबवू नये.

घरगुती उपायांचे नमुनेही मी पाहिले आहेत. टोपीत दोरा गुंडाळणे, कापसाचा बोळा घालणे, एका बहाद्दराने तर झटपट चिकटणारा गोंद लावला होता. कृपा करून हे करू नका.

रोजची निगा अशी. कवळी बोटांनी दोन्ही बाजूंना सारखी दाबून बसवावी. तोंडात ठेवून दातांनी चावून बसवू नये, त्याने टोपी तिरकी कापली जाते. काढतानाही एकाच बाजूने हिसका देऊ नये. धुताना खाली पाण्याने भरलेले तसराळे ठेवावे, हातातून निसटली तर फुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. दंतमंजन, राख, मिश्री यांनी चरे पडतात. उकळत्या पाण्याने कवळी वाकडी होते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. तोंडातील स्क्रूची डोकी मात्र बहुतेक लोक विसरतात. ती सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने चहूबाजूंनी घासलीच पाहिजेत. तिथे रक्त किंवा पू आला, अथवा स्क्रूच हलू लागला, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवा. मधुमेही आणि तंबाखू खाणाऱ्यांनी अधिक जपावे. बाकीच्यांनीही सहा महिन्यांनी एकदा तपासून घ्यावे.

गुरुजींच्या बाबतीत खरी अडचण पुढेच होती. ज्या दंतवैद्यांनी कवळी बसवली त्यांनी दवाखाना बंद केला होता. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, डोके कोणत्या मापाचे, कोणालाच माहीत नाही. एकाची टोपी दुसऱ्याला बसेलच असे नसते. एक्स-रे काढून, मापे जुळवून टोपी मिळेपर्यंत जवळजवळ महिना गेला. तोवर गुरुजींची गोळी मी बदलली आणि ज्वारीची उकड, मऊ खिचडी, शिजवलेल्या डाळी असा आहार ठरवून दिला.

तेव्हा इम्प्लांट बसवतानाच कंपनीचे नाव, इम्प्लांटचे आणि वरच्या जोडाचे माप, बसवल्याची तारीख असे कार्ड मागून घ्या. एक प्रत घरच्यांकडे राहू द्या. चुंबकाचा जोड असेल तर तेही त्यावर लिहून घ्या, कारण एमआरआय करण्यापूर्वी कवळी काढून ठेवावी लागते आणि जबड्यात काय आहे ते तिथल्या तंत्रज्ञाला सांगावे लागते. गुरुजींनी आपले कार्ड आता मधुमेहाच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर लावले आहे, आणि प्रत्येक भेटीत मी काही विचारण्याआधीच ते ‘आ’ करतात.